सायकिट-फझी : कॅमेऱ्याच्या आधारे उडणाऱ्या ड्रोनसाठी ही मोफत लायब्ररी कितपत उपयोगी?

पायथन भाषेत फझी लॉजिकवर (म्हणजे ‘थोडे’, ‘खूप’ अशा धूसर वर्णनांवर नियम चालवणाऱ्या पद्धतीवर) आधारलेले नियंत्रण लिहायचे म्हटले की बहुतेकांच्या हाती पहिल्यांदा सायकिट-फझी हीच लायब्ररी येते. ती मोफत आणि मुक्त स्रोत आहे, आणि बीएसडी परवान्यामुळे महाविद्यालयीन प्रकल्पापासून व्यावसायिक उत्पादनापर्यंत कुठेही वापरता येते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर मी ती एका ठरावीक कामासाठी वापरतो : कॅमेऱ्यात दिसणारी खूण ओळखून तिच्या मागे जाणारा छोटा ड्रोन, आणि त्याच धर्तीवर जमिनीवरच्या पट्टीच्या मागे जाणारी छोटी गाडी. माझे मत आधीच सांगतो. नियम रचण्यासाठी, तपासण्यासाठी आणि शिकवण्यासाठी ही लायब्ररी उत्कृष्ट आहे; उडत्या ड्रोनच्या नियंत्रणचक्रात मात्र ती जशीच्या तशी बसवू नये.

आधी कामाचे स्वरूप स्पष्ट करतो, कारण त्याशिवाय लायब्ररीचे गुणदोष समजणार नाहीत. आमच्या समोरचा ड्रोन म्हणजे टेलो : वजन सुमारे 80 ग्रॅम, एका बॅटरीवर कंपनीने सांगितलेला उड्डाणकाळ 13 मिनिटे, आणि वायफायवरून लॅपटॉपकडे येणारे 960 × 720 पिक्सेलचे चलचित्र. भारताच्या 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ वर्गात मोडतात, त्यामुळे तो उडवण्यासाठी रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. (परदेशी बनावटीचे ड्रोन आयात करण्यावर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे आणि संशोधनासाठी मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांना वेगळी परवानगी घ्यावी लागते, हे नव्याने प्रयोगशाळा उभारणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.) ड्रोनला हवेत तोलून धरण्याचे काम त्याच्या आतला नियंत्रक स्वतःच करतो. बाहेरून आपण फक्त चार आकडे पाठवायचे : डावे-उजवे, पुढे-मागे, वर-खाली आणि स्वतःभोवती वळणे, प्रत्येक −100 ते 100 या मर्यादेत. खूण चित्राच्या मध्यापासून किती पिक्सेल सरकली आहे ते पाहून हे चार आकडे ठरवणे, एवढेच फझी नियंत्रकाचे काम.

या कामासाठी नियम लिहायला बसले की सायकिट-फझीची खरी ताकद दिसते. खुणेचे मध्यापासूनचे अंतर −480 ते 480 पिक्सेल या पट्टीवर मांडायचे, तिच्यावर ‘खूप डावीकडे’, ‘थोडी डावीकडे’, ‘मध्यावर’, ‘थोडी उजवीकडे’, ‘खूप उजवीकडे’ असे एकमेकांवर थोडे चढणारे पाच त्रिकोण बसवायचे (त्रिकोणाची उंची म्हणजे ते वर्णन त्या जागी किती लागू पडते त्याचे माप), आणि मग नियम लिहायचे : खूण थोडी उजवीकडे असेल आणि अजून उजवीकडेच सरकत असेल, तर उजवीकडे वेगाने वळ, खूण थोडी उजवीकडे असली तरी आपणहून मध्याकडे येत असेल, तर वळू नकोस. लायब्ररीत हे नियम जवळजवळ याच शब्दांत लिहिता येतात. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांसाठी साधी चिन्हे आहेत आणि एखाद्या नियमाचे वजन कमी करण्याचीही सोय आहे. पदांची नावे थेट देवनागरीत देता येतात, आणि त्याचा वर्गात फार उपयोग होतो : विद्यार्थी पंचवीस नियमांचा तक्ता मोठ्याने वाचतात आणि कुठला नियम चुकीच्या दिशेचा आहे हे ऐकतानाच पकडतात. आलेख काढताना मात्र मॅटप्लॉटलिब या आलेखाच्या लायब्ररीच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने नावांच्या जागी चौकोन उमटतात. तिथे वेगळा फॉन्ट जोडावा लागतो.

त्रिकोण आपोआप आखून देणारी ऑटोएमएफ ही सोय आकर्षक आहे, पण या कामात ती जपून वापरावी. मूळ मांडणीत ती ‘वाईट’, ‘मध्यम’, ‘चांगले’ अशा अर्थाची इंग्रजी नावे देते. ती उपाहारगृहातल्या सेवेला शोभतात, डाव्या-उजव्या सरकण्याला नाहीत. आपली नावे देण्याची मुभा आहे, तरीही ती त्रिकोण समान अंतरावरच आखते, आणि कॅमेऱ्याला समान अंतरे मानवत नाहीत. खुणेची चित्रातली रुंदी अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ड्रोन जवळ असताना दहा पिक्सेलचा फरक म्हणजे जेमतेम काही सेंटिमीटर, तर दूर असताना तेवढाच फरक म्हणजे बरेच मोठे अंतर. म्हणून पुढे-मागे जाण्यासाठी दूरच्या बाजूला अरुंद आणि जवळच्या बाजूला रुंद त्रिकोण हाताने आखणेच योग्य. फझी पद्धतीचा खरा फायदाही इथेच आहे. केवळ सरळ रेषेतला प्रतिसाद हवा असेल तर साधा पीडी नियंत्रक (चूक आणि ती बदलण्याचा वेग यांना ठरावीक गुणकांनी गुणून बेरीज करणारा) तितकेच काम कमी कष्टांत करतो. हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे, नाहीतर ते फझीला जादू समजतात.

लायब्ररीचा नियंत्रण विभाग ममदानी पद्धतीचा आहे. लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये फझी संचांची कल्पना मांडली, आणि लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इब्राहिम ममदानी व सेद्राक अॅसिलियन यांनी अनुभवी माणसाच्या तोंडी नियमांवर छोटे वाफेचे इंजिन चालवून दाखवले. त्यांचा शोधनिबंध 1975 चा. 1987 मध्ये सुरू झालेल्या जपानमधल्या सेंदाई भुयारी रेल्वेत हिताचीचे फझी नियंत्रण गाडीचा वेग आणि थांबणे सांभाळू लागले. या पद्धतीत प्रत्येक नियमाचा निष्कर्ष हाही एक आकारच असतो. सगळे आकार एकत्र करून त्यांच्या क्षेत्रफळाचा मध्य काढला की नियंत्रणाचा आकडा मिळतो. वाचायला आणि समजावून सांगायला ही पद्धत अतिशय सुबोध आहे.

तिच्यात दडलेली एक गोष्ट मात्र प्रत्येक नवशिक्याने कागदावर गणित करून पाहावी. वळण्याचा वेग −100 ते 100 या पट्टीवर मांडला आणि ‘उजवीकडे वेगाने’ याचा त्रिकोण 50 पासून चढत 100 वर संपवला, तर त्या त्रिकोणाचा क्षेत्रमध्य 50, 100 आणि 100 यांची सरासरी म्हणजे 83.3 येतो. नियम पूर्ण जोराने लागू झाला, खूण चित्राच्या अगदी कडेला पोहोचली, तरी ड्रोनला 83 च्या पुढचा आकडा कधीच मिळणार नाही. आणि नियम अर्धवट लागू झाला तर त्रिकोणाचा माथा कापला जाऊन मध्य आणखी खाली, 75 च्या दिशेने सरकतो. ड्रोन कडेला सुस्त वाटतो, विद्यार्थी नियम बदलत बसतात आणि दोष नियमांत नसतोच. उपाय सोपा आहे. पट्टी −150 ते 150 पर्यंत वाढवावी आणि टोकाचा त्रिकोण 50, 100, 150 असा दोन्ही बाजूंनी सारखा ठेवावा. मग तो कितीही उंचीवर कापला तरी मध्य नेमका 100 वर राहतो. हा दोष लायब्ररीचा नाही, ममदानी पद्धतीचा स्वभावच तो आहे. तरीही माहितीपुस्तिकेत ठळकपणे लिहायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथले मुख्य उदाहरण उपाहारगृहातल्या बक्षिसीचे आहे, आणि बक्षिसी ठरवताना टोकाचा आकडा गाठला न गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आता वेगाचा प्रश्न. सेकंदाला 30 चित्रे येत असतील तर प्रत्येक चित्रामागे सुमारे 33 मिलिसेकंद हाती असतात. त्यांत चित्र उलगडणे, खूण शोधणे, नियंत्रण ठरवणे आणि आज्ञा पाठवणे हे सगळे बसवायचे असते. सायकिट-फझी आतमध्ये नियमांचे जाळे नेटवर्कएक्स या दुसऱ्या लायब्ररीच्या साहाय्याने बांधते, आणि उत्तर अचूक यावे म्हणून त्रिकोण जिथे कापले जातात तिथले बिंदू पट्टीवर नव्याने भरून मग क्षेत्रमध्य काढते. अचूकतेच्या दृष्टीने ही काळजी कौतुकास्पद आहे, पण दर चित्राला चार दिशांसाठी ती घेणे परवडत नाही. आधीची उत्तरे साठवून ठेवण्याची सोय दिलेली आहे. मात्र कॅमेऱ्यातून येणारे दशांशी आकडे तंतोतंत तेच क्वचितच परत येतात, त्यामुळे या कामात तिचा लाभ होत नाही.

यावर आम्ही पाळत असलेली पद्धत सुचवतो. सरकणे आणि सरकण्याचा वेग या दोन पट्ट्यांवर प्रत्येकी 41 बिंदू घ्यावेत, उड्डाणाच्या आधी 1681 उत्तरे निवांतपणे काढून एका तक्त्यात साठवावीत, आणि उडताना सायपाय या गणिती लायब्ररीच्या मदतीने तक्त्यातल्या शेजारच्या आकड्यांवरून मधले उत्तर काढावे. तक्ता पंधरा किलोबाइटसुद्धा भरत नाही. त्याच तक्त्याचा त्रिमिती आलेख काढला की नियंत्रणाचा सगळा पृष्ठभाग डोळ्यांसमोर येतो, आणि कुठे अनपेक्षित खड्डा किंवा उंचवटा असेल तर तो ड्रोन भिंतीवर आपटण्याच्या आधीच दिसतो. माझ्या दृष्टीने या लायब्ररीचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच आहे.

लागू होणारा एकही नियम नसेल अशी स्थिती आली तर लायब्ररी उत्तर देत नाही, तक्रार करून थांबते. संगणकावर हे वर्तन योग्यच आहे. हवेत मात्र थांबलेला प्रोग्रॅम म्हणजे शेवटच्या आज्ञेवर जाणारा ड्रोन. तक्ता आधी तयार केल्याने अशा रिकाम्या जागा जमिनीवरच सापडतात. खूण चित्रातून नाहीशी होणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि ती फझी नियमांच्या बाहेर हाताळावी : काही चित्रांत खूण दिसली नाही की चारही आकडे शून्य पाठवावेत, आणि ती नंतरही आली नाही तर उतरावे. टेलोला 15 सेकंद कोणतीही आज्ञा मिळाली नाही तर तो आपणहून उतरतो. छोट्या खोलीत मात्र तेवढा वेळ फार झाला. लायब्ररीला काळाचे भान नाही, हेही ध्यानात असू द्यावे. सरकण्याचा वेग आपणच काढायचा असतो, आणि तो काढताना दोन चित्रांमध्ये प्रत्यक्ष गेलेला वेळ मोजून त्याने सरकण्याला भागावे लागते, कारण वायफायवरून येणारी चित्रे समान अंतराने येत नाहीत. खुणेचे कोपरे चित्रागणिक पिक्सेलभर थरथरतात, म्हणून हा वेग थोडा गाळून घेतल्याशिवाय नियमांना देऊ नये.

मला सर्वांत आवडलेला वापर वेगळाच आहे. खूण ओळखणारा प्रोग्रॅम स्वतःच्या ओळखीवर किती भरवसा ठेवता येईल याचा आकडा देत असेल, तर तो तिसरी माहिती म्हणून नियमांत घालता येतो : भरवसा कमी असेल तर वेग कमी ठेव. अंधूक प्रकाशात ड्रोन यामुळे माणसासारखा सावध होतो, आणि हे वागणे पीआयडी नियंत्रकाच्या (पीडीला साचलेल्या चुकीची जोड देणाऱ्या) तीन गुणकांत इतक्या सरळपणे सांगता येत नाही. माहिती वाढली की नियमही वाढतात, हे खरेच : पाच पदांच्या दोन माहितींना 25 नियम पुरतात, तिसरीलाही पाच पदे दिली तर 125 लागतात. म्हणून भरवशाचा गुणक वेगळ्या छोट्या नियमसंचाने काढून वळण्याच्या आकड्याला गुणावा.

पट्टीच्या मागे जाणाऱ्या गाडीसाठी हेच सगळे लागू पडते, फक्त सुकाणूचा कोन गाडीच्या वेगावरही अवलंबून ठेवावा लागतो. तिथेही दोन छोटे संच एकापुढे एक जोडणे हा मार्ग आहे; दोन ओळींत ते जमते.

लायब्ररीच्या नियंत्रण विभागात सुगेनो पद्धत नाही, ही उणीव मला सर्वांत जास्त जाणवते. ताकागी आणि सुगेनो यांच्या 1985 च्या पद्धतीत निष्कर्ष हा आकार नसून आकडा किंवा साधे समीकरण असते, त्यामुळे भारित सरासरी काढली की काम संपते. गणित हलके होते आणि वर सांगितलेला 83.3 चा प्रश्नही उरत नाही. मिचिओ सुगेनो यांच्या गटाने तोंडी आज्ञा मानणारे मानवरहित हेलिकॉप्टर फझी नियंत्रणावर उडवले, ते पाहता उड्डाणाच्या कामासाठी ही पद्धत हाताशी असायलाच हवी. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या फझी लॉजिक टूलबॉक्समध्ये ममदानी, सुगेनो आणि ‘टाइप-2’ म्हणवले जाणारे फझी संच असे सगळे आहे, पण ती सशुल्क आहे. सी++ येत असेल तर फझीलाइट ही मुक्त लायब्ररी सुगेनोसह मिळते. सायकिट-फझीची देखभालही संथ आहे : 0.4.2 ही आवृत्ती 2019 ची आणि त्यानंतरची 0.5.0 ही 2024 ची. म्हणून पायथन, नमपाय आणि नेटवर्कएक्स यांच्या ज्या आवृत्त्यांवर काम नीट चालते त्या प्रकल्पाच्या सुरुवातीलाच नोंदवून कायम ठेवाव्यात.

गाडीवर लॅपटॉप नसून साधा मायक्रोकंट्रोलर असेल, तर पायथन तिथे नेण्याची गरजच नाही. 1681 आकड्यांचा तक्ता −100 ते 100 या मर्यादेतल्या पूर्णांकांत गोल करून सी भाषेतल्या अॅरेत उतरवावा. प्रत्येक आकड्याला एक बाइट धरला तर तो फ्लॅश मेमरीत दोन किलोबाइटच्या आत बसतो आणि छोट्या आर्डुइनोलाही सहज पेलतो.