हायपरटेक्स्ट आणि डॉकइंज : मराठी दस्तऐवजांवर काम करणाऱ्याने शोधनिबंध कुठे पाठवावा?

संगणकशास्त्रात पीएचडी करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला परिषदांच्या निमंत्रणांचा तोटा कधीच नसतो. एकाच हॉटेलात, एकाच शनिवारी, कृत्रिम बुद्धिमत्तेपासून मत्स्यव्यवसायापर्यंत सगळे विषय उरकणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ परिषदा आठवड्यात शोधनिबंध स्वीकारतात आणि शुल्क भरताच प्रमाणपत्र हातात ठेवतात. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध संशोधनपत्रिकेत छापून आणणे आणि दोन परिषदांत सादर करणे सक्तीचे होते. ती अट २०२२ च्या नियमांत काढून टाकली गेली, पण तिच्या जोरावर थाटलेली दुकाने काही बंद झालेली नाहीत. या लेखात मी ज्या दोन परिषदांचे परीक्षण करतो आहे त्या याच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या आहेत: एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेची हायपरटेक्स्टवरची, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या मजकुरावरची, परिषद आणि एसीएमचाच दस्तऐवज अभियांत्रिकीवरील परिसंवाद, ज्याला जाणकार डॉकइंज म्हणतात. दोन्हींमागे एसीएमचा सिगवेब हा वेबविषयक गट आहे, दोन्ही आकाराने आटोपशीर आहेत आणि दोन्हींकडे मराठी संशोधकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

हायपरटेक्स्ट परिषदेचे कूळ मोठे. ‘हायपरटेक्स्ट’ ही संज्ञा टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये एसीएमच्याच राष्ट्रीय परिषदेतील शोधनिबंधात रूढ केली, आणि त्यानंतर २२ वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतील चॅपल हिल येथे या विषयाची स्वतंत्र परिषद भरली. वेब अजून जन्माला यायचे होते, त्यामुळे दुवे कसे साठवावेत, ते एकमार्गी असावेत की दुमार्गी, वाचक मजकुराच्या जाळ्यात हरवला तर त्याला वाट कशी दाखवावी, हे सारे प्रश्न तिथे मुळापासून चर्चिले गेले. १९९१ मध्ये सॅन अँटोनियोला वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट कैलियो यांनी वर्ल्ड वाइड वेबवरचा निबंध पाठवला. तो शोधनिबंध म्हणून नाकारला गेला आणि त्यांना केवळ प्रात्यक्षिकाची जागा मिळाली. हा किस्सा परिषदेची फजिती म्हणून सांगितला जातो. मला त्यातून उलट गोष्ट दिसते: प्रात्यक्षिकाचे दालन तेव्हाही खुले होते आणि नाकारलेली कल्पना तिथे चालवून दाखवता आली. मराठी ग्रंथांसाठी काही साधन तयार केले असेल, पण मापने आणि तुलना पुरेशा झाल्या नसतील, तर पूर्ण निबंधाचा हट्ट न धरता प्रात्यक्षिक किंवा भित्तिपत्रक पाठवणे यात कमीपणा मुळीच नाही.

१९९४ मध्ये वेबची स्वतंत्र परिषद जिनिव्हात सुरू झाली आणि वेबचे पुष्कळसे संशोधन तिकडे गेले. ती परिषद २०११ मध्ये हैदराबादला आली, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तिची ओळख झाली. हायपरटेक्स्टने मात्र आपले दार हळूहळू समाजमाध्यमे, शिफारस करणाऱ्या प्रणाली आणि खोट्या माहितीचा प्रसार या विषयांकडे उघडले. याचा परिणाम असा, की अलीकडच्या वर्षांच्या कार्यवृत्तात एकीकडे समाजमाध्यमांवरील नोंदींचे सांख्यिकीय विश्लेषण असते आणि दुसरीकडे संवादी कथनावरचा जवळजवळ साहित्यसमीक्षेचा वाटावा असा निबंध. हा दुभंग काहींना खुपतो. मला तो तितका खुपत नाही, परंतु निबंध पाठवताना तो ध्यानात घ्यावाच लागतो. समाजमाध्यमांवरील मराठी मजकुराचे वर्गीकरण करून अचूकतेची टक्केवारी मांडणारा निबंध इथे पाठवला, तर तो गर्दीत हरवेल. तशा कामाला भाषातंत्रज्ञानाच्या परिषदा अधिक योग्य आहेत.

इथे खरी संधी आहे ती मजकूर आणि दुवे यांचा विचार करणाऱ्यांना. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या पानावर वर संहिता आणि खाली पाठभेदांची दाट तळटीप असते, आणि कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे हे संक्षिप्त खुणांनी नोंदलेले असते. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांभोवती तर शतकानुशतकांच्या टीका आणि भाष्यांचे जाळे आहे. हे साहित्य पडद्यावर आणताना दुवा ओवीला द्यायचा, चरणाला द्यायचा की एका शब्दाला. दोन प्रतींत ओव्यांचे क्रमांक जुळत नसतील तर दुवा कशावर टिकवायचा. असे प्रश्न मांडणारा निबंध हायपरटेक्स्टच्या मूळ परंपरेत चपखल बसेल. शिवाय या परिषदेत प्रथमच लिहिणाऱ्यांच्या उत्तम निबंधासाठी टेड नेल्सन यांच्या नावाचा पुरस्कार आहे, म्हणजे नवख्यांचे स्वागत केवळ तोंडदेखले नाही. मानवी घटक आणि कथन या विषयांवरील तिच्या कार्यशाळाही पहिल्या प्रयत्नासाठी चांगल्या आहेत.

तरीही दोन्हींपैकी एकच निवडायची झाली, तर मी आपल्याकडच्या बहुतेकांना डॉकइंजकडे पाठवीन. २००१ मध्ये अटलांटा येथे सुरू झालेला हा परिसंवाद नावाने कमी परिचित आहे, पण त्याची विषयसूची जणू आपल्या रोजच्या अडचणींवरून केल्यासारखी आहे: दस्तऐवजाची रचना, पानाची मांडणी, स्कॅन केलेल्या प्रतिमांची साफसफाई, पीडीएफमधून मजकूर काढणे, आवृत्त्यांची तुलना, दृष्टिहीन वाचकांसाठी सुलभता. एचपी आणि अडोबी यांसारख्या कंपन्यांतील संशोधक इथे वर्षानुवर्षे विद्यापीठीय संशोधकांबरोबर निबंध सादर करत आले आहेत.

एक उदाहरण जवळून पाहू. मराठी पीडीएफमध्ये ‘स्थिती’ हा शब्द डोळ्यांना अगदी नीट दिसतो. तोच कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, की पहिली वेलांटी पुढे येऊन एकटी लोंबकळते, जोडाक्षराचा तुकडा पडतो आणि कधीकधी त्याच्या जागी रिकामी चौकट उमटते. कारण असे, की पीडीएफमध्ये अक्षरांचा उच्चारक्रम जपलेला असतोच असे नाही. तिथे पानावर कोणता आकार कुठे काढायचा याच्या सूचना असतात. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, पण पानावर ती व्यंजनाच्या डावीकडे काढली जाते. जोडाक्षर हा फॉन्टमधला एकच आकार असू शकतो आणि त्या आकारावरून मूळ अक्षरांकडे परत नेणारी सारणी फाइलमध्ये अपुरी असली, तर परतीची वाटच उरत नाही. अशा फाइलीत शोध लागत नाही आणि पडदावाचक सॉफ्टवेअर भलतेच काही वाचून दाखवते. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइलींची कथा तर याहून वाईट, कारण तिथे कॉपी केल्यावर रोमन अक्षरांचा काला हाती येतो. भाषातंत्रज्ञानाच्या परिषदेत हा सगळा ‘पूर्वतयारी’चा भाग मानून एका परिच्छेदात गुंडाळावा लागतो, डॉकइंजमध्ये तोच संपूर्ण शोधनिबंधाचा विषय होऊ शकतो.

मोडीचेही तसेच. युनिकोडमध्ये मोडीला २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, जागा मिळाली. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील आणि इतर संग्रहांतील कागदांवर शाई पाठीमागून फुटलेली असते, घड्यांच्या रेषा अक्षरांतून जातात, आणि लिहिणाऱ्याने हात न उचलता ओळ ओढलेली असल्याने शब्द कुठे तोडावा हे यंत्राला कळत नाही. अशा प्रतिमांतून शाई आणि कागद वेगळे करण्याच्या पद्धतींची स्पर्धा डॉकइंजने अनेक वर्षे भरवली आहे आणि तीत गुणवत्तेबरोबर लागणारा वेळही मोजला जातो. मोठ्या संग्रहावर काम करायचे असेल तर ही अट किती व्यवहारी आहे, हे सांगायला नको.

सारी सत्रे एकामागून एक, एकाच दालनात होतात, ही डॉकइंजची आणखी एक जमेची बाजू. तुमचे सादरीकरण चालू असताना शेजारच्या दालनात कुणी नामवंत बोलत नसतो. पूर्ण निबंधाला १० पाने आणि लघुनिबंधाला ४ पाने अशी विभागणी रूढ आहे, आणि एखादी नेटकी युक्ती किंवा मर्यादित प्रयोग मांडायला चार पाने पुरतात. उणीव अशी, की आपल्याकडच्या निवडसमित्यांना हे नाव ठाऊक नसते. मुलाखतीत ‘ही कुठली परिषद?’ असा प्रश्न येऊ शकतो. ज्याला केवळ नावाचे वजन हवे आहे आणि ज्याचे काम अक्षरओळखीपुरते आहे, त्याने आयसीडीएआर ही दस्तऐवजांचे विश्लेषण आणि अक्षरओळख यांवरची परिषद पाहावी. ती १९९१ पासून भरते, १९९९ मध्ये बंगळूरलाही झाली होती, आणि पूर्वी ती एक वर्षाआड होत असे, ती २०२३ नंतर दरवर्षी होऊ लागली आहे. मात्र तिथली स्पर्धाही तितकीच तीव्र आहे.

खर्चाबाबत स्पष्ट बोलले पाहिजे. निबंध स्वीकारला गेला तर किमान एका लेखकाला नोंदणी करावीच लागते आणि ती काही शे डॉलरच्या घरात जाते. विद्यार्थ्यांना सवलत असते. जानेवारी २०२६ पासून एसीएमचे सारे प्रकाशन मुक्त प्रवेशाचे, म्हणजे कुणालाही विनामूल्य वाचता येणारे, झाले आहे. वाचकांसाठी ही उत्तमच गोष्ट. पण ज्या संस्थेचा एसीएमशी मुक्त प्रवेशाचा करार नाही तिथल्या लेखकांवर प्रकाशनशुल्काचा भार पडू शकतो, म्हणून निबंध पाठवण्यापूर्वीच ग्रंथपालांकडे चौकशी करावी. सिगवेबकडून विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत मिळू शकते आणि एसीएम इंडिया व आयएआरसीएस (संगणकशास्त्रातील संशोधनाची भारतीय संघटना) यांची संयुक्त प्रवासमदतही आहे. डॉकइंज २०२४ मध्ये सॅन होजेला आणि २०२५ मध्ये नॉटिंगहॅमला झाली, तर हायपरटेक्स्ट त्याच दोन वर्षी पोझनान आणि शिकागो येथे. दोन्ही परिषदा अलीकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरत असल्याने निकाल आणि प्रवास यांत फार अवधी उरत नाही. पासपोर्टचे नूतनीकरण बाकी असेल तर ते निकालाची वाट न पाहता उरकावे.

शेवटी साच्याविषयी, कारण देवनागरी उदाहरणे देणारा लेखक हमखास इथे अडतो. एसीएमच्या लाटेक (अक्षरजुळणीची एक संगणकीय प्रणाली) साच्यातला लिबर्टीन फॉन्ट सुबक आहे, परंतु त्यात देवनागरी नाही, आणि नेहमीच्या पीडीएफलाटेकमधून जोडाक्षरे नीट जुळत नाहीत. झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरून वेगळा देवनागरी फॉन्ट जोडावा लागतो, आणि एसीएमच्या अंतिम प्रक्रियेत निबंधाची वेबपानाची प्रतही तयार होत असल्यामुळे दोन्ही प्रती ओळ न् ओळ तपासाव्या लागतात. कंटाळून उदाहरणांची चित्रे चिकटवण्याचा मोह होतो. पण देवनागरी मजकूर शोधता यावा असा आग्रह धरणाऱ्या निबंधातलाच देवनागरी मजकूर शोधता येत नसेल, तर तेवढी गोष्ट डॉकइंजच्या समीक्षकांच्या नजरेतून सुटायची नाही.