ट्रान्सक्राइब सॉफ्टवेअर: जॅझ सोलो बसवायला घ्यावं का?

सेव्हन्थ स्ट्रिंग कंपनीच्या ट्रान्सक्राइबबद्दल (रेकॉर्डिंग हळू करून, तुकडे लूपवर ऐकून सूर शोधायचं सॉफ्टवेअर) सारखं कोणी ना कोणी विचारतं म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, हे नोटेशन (सुरांची लिखित शीट) आपोआप काढून देत नाही, गाणं टाकलं की शीट बाहेर असं हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाहीच. कान तुमचाच लागणार. आणि मला तेच आवडतं.

ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'सो व्हॉट'मधला सोलो घ्या, बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. 32 बारचे (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) दोन कोरस, म्हणजे पूर्ण चालीच्या दोन फेऱ्या; प्रत्येकात 16 बार डी डोरियन स्केल, मग 8 बार तेच ई फ्लॅटवरून, परत 8 बार डी, म्हणजे सूर तसे पटकन सापडतात, खरी मजा तो नोट बीटच्या किती मागे ठेवतो त्यात आहे आणि ते फुल स्पीडला कळतच नाही हो. इथे 50 टक्क्यांवर टाकायचं, पट्टी तीच राहते. पूर्वी लोक मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 16वर, म्हणजे अर्ध्या वेगाने लावायचे, मग सगळं एक सप्तक खाली जायचं, त्यातूनच शोधत बसायचे! 25 टक्क्यांवर मात्र ट्रम्पेट पार लिबलिबीत ऐकू येतो, तिथे जाऊ नका.

माउसने दोन बार सिलेक्ट केले की लूप चालू. एम दाबलं की बारची खूण, एस दाबलं की सेक्शनची. यूट्यूबवर पण फुकटात स्पीड कमी होतो हे मान्य, पण असा नेमका तुकडा तिथे पकडता येत नाही.

अजून एक. 'सो व्हॉट' ज्यात आहे त्या 1959च्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बमची पहिली बाजू रेकॉर्डिंगच्या वेळी टेप मशीन हळू चालल्यामुळे एलपीवर थोडी चढी आली होती, ते 90च्या दशकातल्या सीडीत सुधारलं. जुन्या एलपीची कॉपी असेल तर गिटार जुळतच नाही, मग इथे सेंट्समध्ये (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) पिच खाली आणा, गिटारच्या खुंट्या पिळायची गरज नाही. 'सो व्हॉट'मधला पॉल चेंबर्सचा बेस (मेन ट्यून तोच वाजवतो) एक सप्तक वर नेऊन ऐका, एकदम स्वच्छ.

खाली पियानोच्या पट्ट्यांवर स्पेक्ट्रम (कुठला सूर किती जोरात आहे त्याचा आलेख) दिसतो त्यावर फार विसंबू नका, एका सुराचे ओव्हरटोन (त्याच्यासोबत वाजणारे वरचे सूर) आणि मागचा पियानो सगळं एकत्र उसळतं. त्यापेक्षा जॅझ पियानिस्ट आणि गुरू लेनी ट्रिस्टानो शिष्यांना सांगायचा तसं आधी सोलो गाऊन बघा, सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचे सोलो तो त्यांना वाजवण्याआधी गायला लावायचा. गाता आलं तर बोटं येतातच मागून.

दिसायला जुनाट आहे, पार विंडोज 98च्या काळातलं वाटतं, पण विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. किंमत 39 डॉलर, म्हणजे तीन हजाराच्या वरच. महिनाभर ट्रायल फुकट आहे, त्यात एखादा सोलो नक्की बसतो, तो बसला तरच पैसे टाका.