मुलाखतींचं ट्रान्स्क्रिप्ट करून देणारं ॲप: बंद खोलीत चार तारे, वेसाव्याच्या धक्क्यावर एक

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आम्हा पाच जणांना मिळून आठ पानांचा प्रायोगिक अंक काढायचा होता. विषय मुंबईतला वेसावे (वर्सोवा) कोळीवाडा, तारीख ६ जानेवारी. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, म्हणून पत्रकार दिनाला अंक हातात हवाच, असा आमचा हट्ट होता. अकरा मुलाखती, सहा तासांचं रेकॉर्डिंग आणि हातात जेमतेम आठवडा. पाचांत वर्गणी काढून ४९९ रुपये भरले आणि हे ॲप महिनाभरासाठी घेतलं.

आधी चांगलं सांगते. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात एका काकांची मुलाखत घेतली होती. दार लावलेलं, पंखा बंद, काकांचं बोलणं अगदी पुस्तकी. चाळीस मिनिटांचं बोलणं चहा होईपर्यंत टाइप होऊन आलं आणि चुकले ते दहा-बारा शब्द. हेच हाताने करायला माझा अर्धा दिवस गेला असता. शब्दावर बोट ठेवलं की रेकॉर्डिंगमधली नेमकी तीच जागा ऐकू येते, ही सोय तर फारच कामाची.

धक्क्यावरची मुलाखत मात्र निराळी होती. मढची फेरीबोट सुटत होती, मागे बर्फाचे क्रेट ओढले जात होते आणि मावशी आपल्या कोळी बोलीत भरभर बोलत होत्या. ॲपने तांडेलचं, म्हणजे बोटीच्या प्रमुखाचं, 'तांदूळ' केलं, डोल जाळ्याचं 'ढोल'. या चुका कुणाच्याही नजरेत येतात. घात केला तो नजरेत न येणाऱ्या चुकीने. मावशी म्हणाल्या होत्या, "डिझेलचा परतावा मिलला नाय." त्या 'नाय'वरच क्रेट फरशीला घासला. ॲपने लिहिलं, 'डिझेलचा परतावा मिळाला.' प्रमाण मराठीत, पूर्णविरामासकट, कुठे शंका येऊ नये असं वाक्य. ऐकू आलं नाही तिथे नुसती रिकामी जागा सोडली असती तरी आम्ही थांबलो असतो. माझे तारे कापले गेले ते इथे.

पण ते वाक्य छापलं आम्ही. मुलाखत मी घेतली, ट्रान्स्क्रिप्ट दुसरीने काढलं, बातमी तिसऱ्याने लिहिली आणि संपादन ज्याने केलं तो वेसाव्याला एकदाही आला नव्हता. तो 'नाय' माझ्या कानांनी ऐकलेला होता, पण माझ्याकडे सहावं पान होतं आणि मावशींची बातमी तिसऱ्यावर. शेवटचे दोन दिवस ग्रुपवर अंकाच्या नावाचा फॉन्ट कोणता यावरून वाद चालला होता, त्यात मीही हिरिरीने बोलत होते. 'कुणी मुलाखत परत ऐकली का?' हे पाचांपैकी एकानेही विचारलं नाही. तिसरं पान मी वाचलं ते छापून आल्यावर, तेही फोटो कसा आलाय बघायला.

बोटीच्या डिझेलवरच्या कराची रक्कम सरकारकडून सोसायटीमार्फत मच्छीमारांना परत मिळते. ती थकते, आणि ही कोळीवाड्यातली जुनी तक्रार आहे. तिथे एका घराला पैसे आले असं छापणं म्हणजे काय, ते मला अंक घेऊन गेल्यावर कळलं. मावशींची नात मोठ्याने वाचत होती. ते वाक्य आलं तशी मावशींनी तिला थांबवलं, परत वाचायला लावलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आन माजा नाय?" तोवर शेजारच्या दोघींनी त्यांना विचारायला सुरुवात केली होती, तुला कधी आला, आमचा कसा नाही आला. मावशी त्यांना समजावत होत्या आणि मी अंक हातात धरून उभी होते.

उरलेल्या प्रतींवर आम्ही दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. ज्या घरांत अंक दिले होते तिथे परत जाऊन, दारात उभं राहून चूक सांगितली. सरांनी गुण कापले, ते बरोबरच होतं.

तुम्ही हे ॲप घेणार असाल तर शांत खोलीतल्या मुलाखतींसाठी जरूर घ्या. धक्का, बाजार, लोकल, मोर्चा इथलं रेकॉर्डिंग असेल तर जो स्वतः तिथे हजर होता त्यानेच हेडफोन लावून शब्दन्‌शब्द ताडून बघावा. बोलीभाषा असेल तर पैसेच घालू नका, वही काढा.

मावशींची बावीस मिनिटं मी नंतर हाताने उतरवली. अडीच तास लागले. चौदाव्या मिनिटाला त्या सांगतात की अवकाळी पावसात वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूंच्या सांगाड्यावर, वाळत घातलेले बोंबील भिजले, त्यांनी वास धरला आणि सगळा माल टाकून द्यावा लागला. ॲपने 'वलांडी'चं 'ओलांडली' केलं होतं. अर्थ लागत नाही म्हणून तो अख्खा परिच्छेद आम्ही काढून टाकला होता.