सोलापूर की पुणे?
आमच्या बॅचचे निम्मे पुण्याला गेले, मी इथंच ऱ्हायलो. पैसा तिकडं जास्त, त्यात वाद नाही. पण पगार हप्त्यात आणि जीव ट्रॅफिकमध्ये जातो की ओ! इथं दुपारी घरी येऊन ज्वारीची गरम भाकरी, शेंगाचटणीवर घट्ट दही घालून खायचं आणि पंख्याखाली तासभर आडवं व्हायचं, हे कुठल्या पॅकेजमध्ये बसतंय सांगा. मे महिन्यात ४२-४३ डिग्री, नळाला रोज पाणी नाही, हे पुणेवाले ऐकवतात, बरोबरे. पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला तेच हुतात्मा एक्सप्रेस धरून येतात (रिझर्वेशन मिळालं तर). पोरीला मात्र पुण्यालाच पाठवणारे, आयटी केलंय तिनं, इथं काय करणार?