आयसीयूतलं अलर्टवालं सॉफ्टवेअर, वर्षभर वापरून
जळगावला आमच्या आयसीयूत हे बसवून वर्ष झालं, मी जास्त करून नाईटलाच असते म्हणून लिहितेय. मॉनिटरचे आकडे घेऊन न्यूज-२ स्कोअर (पेशंट किती बिघडतोय ते सांगणारा आकडा) काढतं, ७ किंवा वर गेला की स्क्रीन लाल. मे महिन्यात अमळनेरकडचे एक बाबा शेतात चक्कर येऊन पडलेले, पोरगा सारखा 'ऊन लागनं सिस्टर' म्हणे, आम्हालाही तेच वाटलं, पण श्वास २६, वरचं बीपी ९४, रक्तातलं लॅक्टेट ४ (म्हणजे वाढलेलं) आणि या सॉफ्टवेअरने सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागल्याचा, इशारा दिला, डॉक्टरांनी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ती तपासणी) घेऊन लगेच अँटिबायोटिक चालू केलं. बाबा आपल्या पायांनी घरी गेले! क्रिएटिनिन वाढलं (म्हणजे किडनी कमी काम करतेय) की मेरोपेनेम या अँटिबायोटिकचा डोस कमी करायची आठवण देतं तेही फार कामाचं.

पण अलर्ट खूपच येतात. बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा प्रोब निसटला तरी बोंब, मग हात न बघताच बंद करायला लागतो आणि त्याचीच मला भीती वाटते. तीनदा फोन केल्यावर अलर्टच्या लिमिट बदलून मिळाल्या. घेणार असाल तर डेमो नाईटच्या सिस्टरांसमोर करायला लावा आणि लिमिट कोण बदलून देणार ते आधीच विचारा.