खानदेशच्या रस्त्यांवर केडब्ल्यू व्हेरिएंट ३ : रोजच्या स्पोर्ट्स कारसाठी समायोज्य सस्पेन्शनची निवड

समायोज्य सस्पेन्शनचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो गाडी किती खाली बसते हा. छायाचित्रांत तेवढेच दिसत असल्यामुळे तो स्वाभाविकही आहे. मात्र भुसावळ, जळगाव, धुळे या पट्ट्यात रोज गाडी चालवणाऱ्याने तो सर्वांत शेवटी विचारावा, असे माझे मत आहे. येथे पैसे मोजायचे ते शॉकअपचे रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उलगडताना तिला आवरणारा जोर, स्वतःला कमीजास्त करता यावा यासाठी. उंची बदलता येणे हा त्यासोबत पदरात पडणारा दुय्यम लाभ आहे. याच निकषावर मी माझ्या स्कोडा ऑक्टाविया आरएस २३० साठी केडब्ल्यू या जर्मन कंपनीचा व्हेरिएंट ३ हा संच निवडला, आणि उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे तिन्ही ऋतू तो वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे.

ही गाडी भारतात २०१७ साली आली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. चार दारे आणि लग्नाचा बस्ता मावेल एवढी डिकी असल्यामुळे शुद्धतावादी मंडळी तिला स्पोर्ट्स कार मानणार नाहीत. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी इच्छा नाही. मूळ सस्पेन्शन नवे असताना उत्तम होते, परंतु शॉकअप थकल्यावर ते बदलणे भागच होते, आणि मग मूळचेच पुन्हा बसवावेत की काही वेगळे घ्यावे, हा विचार सुरू झाला.

निवडीच्या मुळाशी आपली जमीन आहे. तापीच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी काही वर्षांत त्याला लांबट लाटा येतात, ज्या डोळ्यांना जाणवत नाहीत पण गाडीला नेमक्या जाणवतात. समजा, अशा दोन लाटांच्या माथ्यांत १५ मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, धावत आहे. तर गाडीला सेकंदाला जवळपास दीड हिसका बसतो. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या अंगाची स्वतःच्या स्प्रिंगवर हलण्याची नैसर्गिक गतीही साधारण सेकंदाला एक ते दोन या दरम्यानच असते. या दोन गती जुळल्या की गाडी होडीसारखी डोलू लागते, आणि त्या वेळी तिला आवरण्याचे काम स्प्रिंग करत नाही, शॉकअप करतो. रस्त्याच्या आडव्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवर मात्र प्रकार उलटा असतो: तेथे गाडीचे अंग स्थिर राहून चाकेच थरथरतात, आणि शॉकअप फार कडक असेल तर ती थरथर थेट पाठीच्या मणक्यापर्यंत पोहोचते. एकाच रस्त्यावर काही अंतरात या दोन्ही परस्परविरोधी मागण्या पुढे येतात.

बाजारातील पर्याय या कसोटीवर लावून पाहिले. बिल्स्टाइनचा बी १४ हा मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीच्या, शॉकअपचा संच टिकाऊपणाबद्दल नावाजलेला आहे, परंतु त्यात फक्त उंची बदलते. शॉकअपचा कडकपणा कारखान्यात ठरतो तोच कायम राहतो. त्याच कंपनीच्या बी १६ मध्ये कडकपणाच्या दहा पायऱ्या आहेत, मात्र दबण्याचा आणि उलगडण्याचा विरोध एकत्रच वाढतो किंवा घटतो. तैवानच्या बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेत तीस पायऱ्या आहेत आणि तेथेही दोन्ही विरोध एकत्रच बदलतात. त्या मालिकेचा एक खरा गुण असा की शॉकअपच्या खालच्या भागातून उंची बदलता येत असल्यामुळे गाडी खालीवर केली तरी आतील दांड्याची चाल कमी होत नाही. परंतु बऱ्याच गाड्यांसाठीच्या त्या संचात वरचे माउंटिंग रबराऐवजी धातूच्या गोलक-बेअरिंगचे येते. ट्रॅकवर ते उपयोगी ठरते. आपल्या धुळीत आणि रोजच्या वापरात ते आवाज करू लागण्याची शक्यता अधिक, आणि रबर नसल्यामुळे रस्त्याचा प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येतो.

केडब्ल्यूचे तीन प्रकार समजायला सोपे आहेत. व्हेरिएंट १ मध्ये केवळ उंची बदलते, व्हेरिएंट २ मध्ये उंचीसोबत रिबाउंड बदलते, आणि व्हेरिएंट ३ मध्ये रिबाउंडच्या सोळा व कॉम्प्रेशनच्या, म्हणजे दबताना होणाऱ्या विरोधाच्या, बारा पायऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. हे कॉम्प्रेशनचे समायोजन शॉकअपमधील पिस्टनच्या मंद हालचालीपुरतेच असते, म्हणजे वळणावर गाडी कलणे आणि ब्रेक लावल्यावर नाक खाली जाणे यांपुरते. खड्ड्यात चाक आदळते तेव्हा पिस्टन वेगाने धावतो, आणि त्या वेळी कारखान्यात बसवलेला वेगळा व्हॉल्व्ह तेलाला वाट करून देतो. याचा व्यावहारिक अर्थ असा की घाटासाठी गाडी घट्ट केली तरी खड्ड्याचा मार त्या प्रमाणात वाढत नाही. आमच्या लाटांसाठी आणि पट्ट्यांसाठी मला नेमके हेच हवे होते. ज्यांना घाटाचे वेड नाही त्यांनी व्हेरिएंट २ वर थांबावे. तिसऱ्या प्रकाराचे जादा पैसे त्यांच्या उपयोगी पडणार नाहीत.

मागणी नोंदवण्यापूर्वी दोन गोष्टी गाडीखाली शिरून तपासाव्यात. फोक्सवॅगन समूहाच्या या घडणीच्या गाड्यांत पुढच्या शॉकअपची नळी ५० किंवा ५५ मिलिमीटर व्यासाची असते, आणि चुकीच्या व्यासाचा संच बसतच नाही. दुसरे म्हणजे मागची रचना: साध्या ऑक्टावियाच्या काही प्रकारांत मागे एकसंध अॅक्सल असतो, तर आरएसमध्ये मल्टि-लिंक आहे. या मल्टि-लिंकमध्ये स्प्रिंग वेगळ्या जागी आणि शॉकअप वेगळ्या जागी असतो, म्हणून या संचातही मागे दोन्ही वेगळेच राहतात आणि उंची स्प्रिंगखालच्या आटेदार बैठकीने बदलते. काही ठिकाणी मागेही स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेले संच मिळतात. शॉकअपचे वरचे माउंटिंग गाडीचे वजन पेलण्यासाठी घडवलेले नसते, हे लक्षात घेता रोजच्या गाडीत मी तो प्रयोग करणार नाही.

बसवण्याचे काम नाशिकला करून घेतले आणि अलाइनमेंट जळगावला. फिटिंग करणाऱ्याला दोन सूचना आवर्जून द्याव्यात. एक म्हणजे ताण देऊन बसवायचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, म्हणून ते नवे मागवून ठेवावेत. दुसरी अधिक महत्त्वाची: लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पक्के आवळू नयेत. चाकांवर गाडीचा भार आल्यावरच ते आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकत नाही. अन्यथा नवे बुश अकाली फाटतात आणि दोष मात्र नव्या संचाला दिला जातो. अलाइनमेंटही लगेच करून समाधान मानू नये. नव्या स्प्रिंग काहीशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, त्यानंतर चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजून मग अंतिम अलाइनमेंट करावी. उंची मोजताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, म्हणजे टायरमधील हवेचा फरक मध्ये येत नाही.

आता प्रत्यक्ष वागणूक. कंपनीने दिलेल्या मर्यादेत मी गाडी सर्वांत वरच्या टोकाला ठेवली आहे, आणि तेथेही ती मूळ उंचीपेक्षा किंचित खालीच बसते, कारण युरोपीय संच मुळात गाडी खाली घेण्याच्या हिशेबानेच बनतात. आमच्याकडच्या एका फिटरने गाडी पाहून विचारले, “भाऊ, एवढे पैसे टाकले आणि गाडी खाली घेतलीच नाही?” त्यावर माझे उत्तर गतिरोधकांकडे बोट दाखवणारे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. गावोगावी उत्साहाने घातलेले गतिरोधक उंचीच्या बाबतीत या मानकाच्या पुढे असतात आणि रुंदीच्या बाबतीत फार मागे. आणखी दोन सेंटिमीटर खाली गेलो असतो तर चोपड्याच्या वाटेवर प्रत्येक गावाच्या वेशीवर इंजिनचे चेंबर घासले असते. शिवाय गाडी जितकी खाली, तितकी शॉकअपची दबण्याची चाल कमी. ती संपली की गाडी बंपस्टॉपच्या रबरावर आपटते, आणि मग महागड्या व्हॉल्व्हचा काहीही उपयोग उरत नाही.

रिबाउंडचे समायोजन हा या संचाचा प्राण आहे. कंपनीच्या सुरुवातीच्या मांडणीवर धुळे मार्गावरील लाटांवरून जाताना मागचा भाग एक झोका जास्त घेत होता. मागे दोन पायऱ्या घट्ट केल्यावर गाडी लाटेवरून उतरताच शांत होऊ लागली आणि मागच्या आसनावरील वडीलधाऱ्यांची मळमळीची तक्रार थांबली. कुतूहलापोटी आणखी घट्ट करून पाहिले तेव्हा मात्र ओळीने येणाऱ्या उंचवट्यांवर गाडी खाली खाली बसत गेल्याचे जाणवले. स्प्रिंग एका धक्क्यानंतर पुरती उलगडण्याआधीच दुसरा धक्का येतो, आणि चाल उरत नाही. घट्ट म्हणजे चांगले, ही समजूत येथे पूर्णपणे चुकीची ठरते. पुढच्या बाजूस मी रिबाउंड कंपनीच्याच मांडणीवर ठेवले आहे.

कॉम्प्रेशनचा उपयोग चाळीसगावहून कन्नड घाट चढताना कळतो. पुढे दोन पायऱ्या वाढवल्या की लागोपाठच्या उलटसुलट वळणांत गाडीचे अंग एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना उशीर लावत नाही, आणि वळणातून बाहेर पडताना आतले चाक पूर्वीसारखे पकड सोडून नुसते फिरत नाही. रोजच्या शहरी वापरात हा फरक फारसा जाणवत नाही, म्हणून घाट उतरल्यावर मी पायऱ्या परत सैल करतो. हे काम थांबून करावे लागते, कारण संचात केबिनमधून फिरवायचे बटण नाही. ज्यांच्या गाडीत मूळचे इलेक्ट्रॉनिक शॉकअप आहेत त्यांनी ते काढण्यापूर्वी दहादा विचार करावा. वायर सुटली की डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो आणि तो शांत करण्यासाठी वेगळे उपकरण घ्यावे लागते.

उणिवा आहेत. ताशी तीस-चाळीसच्या वेगात, जळगाव शहरातील खोदून बुजवलेल्या रस्त्यांवर, मूळ सस्पेन्शन निश्चितच अधिक मऊ होते. हा संच तेथे कर्कश नाही, पण लाडही करत नाही. कमी जाडीचे टायर असतील तर हे अधिक जाणवेल, तेव्हा संच बदलण्याआधी टायर व हवेचा दाब तपासणे हा स्वस्त उपाय करून पाहावा. किंमत ही दुसरी उणीव. संच, आयात शुल्क, फिटिंग आणि अलाइनमेंट धरून खर्च दोन लाखांच्या पुढे सहज जातो. काही गाड्यांत मागच्या शॉकअपचे वरचे टोक पत्र्याखाली झाकलेले असते आणि रिबाउंड बदलण्यासाठी शॉकअप उतरवावा लागतो. आपल्या गाडीत हात पोहोचतो का, हे विक्रेत्याकडून पैसे देण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

हवामानाने आतापर्यंत त्रास दिलेला नाही. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या आणि उंचीची रिंग मिश्र प्लास्टिकची असल्यामुळे आटे गंजून जाम होण्याची भीती कमी आहे. परंतु काळ्या मातीचा चिखल आट्यांत वाळला की दगड होतो, म्हणून पावसाळ्यानंतर पाण्याने आणि नरम ब्रशने आटे साफ केल्याशिवाय रिंग फिरवू नये. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा तेल पातळ होऊन शॉकअप किंचित सैल वाटतात. एक पायरी वाढवली की ते पुरते.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल वाहनात करता येणार नाहीत, असे म्हटले आहे. मी वकील नाही. पण कायम मूळ उंचीच्या जवळ राहण्याचे हेही एक कारण आहे, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवणे शहाणपणाचे. मूळ स्प्रिंग, माउंटिंग आणि लिंक रॉड तेलाचा हात फिरवून खोक्यात जपून ठेवावेत. आमच्याकडे जुनी गाडी घेणारा आधी वाकून खाली पाहतो, आणि कंपनीची स्प्रिंग दिसली नाही की भाव पाडतो.