सेक्रेड टेक्स्ट्स संग्रह : मरणाच्या आणि रोगांच्या कथा ताडून पाहणाऱ्यांसाठी

मरण जगात कुठून आलं, रोग कोणी धाडले, देवाची करुणा भाकली तर ते परततात का, याची निरनिराळ्या धर्मांतली उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचायची असतील, तर सुरुवात 'इंटरनेट सेक्रेड टेक्स्ट आर्काइव्ह'पासून करावी. जॉन ब्रूनो हेअर यांनी १९९९ साली सुरू केलेलं हे संकेतस्थळ वाचायला पैसे लागत नाहीत. २०१० साली हेअर वारले, तरी संग्रह चालू आहे. कोठार म्हणून तो अव्वल आहे. मापं मात्र घरून न्यावी लागतात.

त्याची ताकद एका उदाहरणात दिसते. रोगांच्या उगमाच्या तीन कथा इथे काही मिनिटांत समोर मांडता येतात. महाभारताच्या द्रोणपर्वात (किसारी मोहन गांगुलींच्या इंग्रजी भाषांतरात अध्याय ५२ ते ५४) ब्रह्मदेव मृत्यू नावाची स्त्री निर्माण करतो. प्राण्यांना मारायचं या कल्पनेनंच ती रडू लागते. ब्रह्मदेव तिचे अश्रू ओंजळीत धरतो आणि सांगतो की हेच रोग होतील, तेच माणसांना मारतील, तुला पाप लागणार नाही. प्राचीन कवी हेसिअडच्या ग्रीक काव्यात रोग ही देवांचा राजा झ्यूस याची शिक्षा आहे. पांडोरा नावाची स्त्री रांजणाचं झाकण उघडते आणि ते रात्रंदिवस मुकाट हिंडू लागतात, कारण झ्यूसनं त्यांची वाचा काढून घेतलेली असते. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात (फर्गर्द, म्हणजे अध्याय, २२) अंग्र मैन्यू हा दुष्ट आत्मा सरळ हल्लाच करतो आणि ९९,९९९ रोग घडवतो. मृत्यूची दया, देवाचा कोप आणि शत्रूचं आक्रमण अशी ही तीन कारणं आहेत. मग श्रद्धाळू माणसानं रोगापुढे काय करायचं, याचं उत्तरही तिन्हीकडे वेगळं निघतं. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' असं म्हणणाऱ्याला ही तीन पानं वाचायला द्यावीत.

आता अडचणी. पहिली शोधाची. 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' ही मॅक्सम्युलर यांनी संपादित केलेली इंग्रजी अनुवादांची ५० खंडांची माला (१८७९ ते १९१०) या संग्रहाचा कणा आहे. तिची लिप्यंतराची, म्हणजे मूळ शब्द रोमन लिपीत लिहिण्याची, पद्धत विचित्र आहे. 'च'साठी तिरपा 'के' आणि 'ज'साठी तिरपा 'जी' छापलेला आहे. त्यामुळे नेहमीच्या रोमन वर्तनीत 'नचिकेत' शोधलं, तर या मालेतलं कठोपनिषद हाती लागत नाही. 'के' घालून, म्हणजे 'नकिकेतस' वाचलं जाईल अशी वर्तनी टाकावी लागते. जातककथांची 'ज'सुद्धा तिथे 'जी'नं लिहिलेली सापडते. म्हणून नावानं शोधण्यापेक्षा ग्रंथ, खंड, अध्याय या वाटेनं उतरावं.

दुसरी अडचण अध्यायांकांची. गांगुलींचं भाषांतर १८८३ ते १८९६ मधलं, पुण्याच्या भांडारकर संस्थेनं हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कितीतरी आधीचं. मृत्यूची हीच कथा शांतिपर्वातही येते. गांगुलींकडे ती २५६ ते २५८ मध्ये आहे, तर चिकित्सित आवृत्तीत २४८ ते २५० मध्ये. द्रोणपर्वातली कथा तर चिकित्सित आवृत्तीनं मूळ संहितेतून काढून परिशिष्टात टाकली आहे. टिपणात नुसता 'द्रोणपर्व ५२' असा हवाला दिलात, तर पुढचा वाचक चिकित्सित प्रत उघडेल आणि कथा न सापडल्यानं गोंधळेल. आवृत्तीचं नाव कायम जोडावं.

तिसरी अडचण सर्वांत चकवणारी. हे बहुतेक अनुवाद शंभर वर्षांपूर्वीचे आहेत, आणि रोगांची नावं भाषांतरात हमखास घसरतात. बायबलमध्ये इस्राएलचे शत्रू पलिष्टी यांच्यावर आलेली साथ बघा (१ शमुवेल ५ व ६). १६११ च्या इंग्रजी बायबलात मूळव्याध लिहिलेली आहे, नवे अनुवाद गाठी म्हणतात. गाठी वाचल्या की प्रायश्चित्त म्हणून दिलेल्या सोन्याच्या पाच गाठी आणि पाच उंदीर यांचा मेळ बसू लागतो, आणि कित्येकांना त्यात प्लेग दिसतो. मूळव्याध वाचली तर उंदीर कुठून आले तेच कळत नाही. बायबलच्याच लेवीय या पुस्तकातलं 'कुष्ठ' असंच. ते कपड्यांना आणि घराच्या भिंतींनाही होतं, तेव्हा आजचा कुष्ठरोग तो नव्हेच. गंमत म्हणजे अथर्ववेदात (५.४) कुष्ठ ही तक्मन् नावाचा ताप घालवणारी वनस्पती आहे. केवळ शब्द जुळला म्हणून कथा जुळवली की तुलना तिथेच फसते.

चौथं, पुनर्कथनाला मूळ समजण्याची चूक. किसा गोतमी आणि मोहरीच्या दाण्यांची कथा इथे पॉल कारुस यांच्या १८९४ च्या संकलनात मिळते. ते पुस्तक कारुस यांनी निरनिराळ्या ग्रंथांतून जुळवलेलं आहे, आणि ही कथा मुळात पाली अट्ठकथांमधली, म्हणजे भाष्यांमधली आहे. बुद्धवचन म्हणून तिचा दाखला देऊ नये. आफ्रिकेतली चंद्र आणि सशाची कथाही इथे आहे: मी मरतो आणि पुन्हा उगवतो तसेच तुम्हीही, हा चंद्राचा निरोप ससा उलटा सांगतो आणि माणूस मर्त्य होतो. ती ब्लीक या संग्राहकाच्या १८६४ च्या पुस्तकात आहे. तोंडी कथा कोणी, कोणाकडून, कोणत्या भाषेतून उतरवून घेतली हे प्रस्तावनेत असतं. ती वगळू नये.

मेसोपोटेमियासाठी हा संग्रह तोकडा पडतो. गिल्गमेश हे तिथलं प्राचीन महाकाव्य इथे आहे ते कॅम्पबेल टॉम्प्सन यांच्या १९२८ च्या अनुवादात. त्यानंतर बऱ्याच नव्या मातीच्या पाट्या वाचल्या गेल्या आहेत. इनान्ना देवीच्या पाताळप्रवासाची सुमेरी संहिता हवी असेल, तर ऑक्सफर्डच्या सुमेरी साहित्याच्या संकेतस्थळावर १.४.१ हा क्रमांक उघडावा. तिथे लिप्यंतर आणि अनुवाद दोन्ही मिळतात, ओळींच्या क्रमांकांसकट.

पाच पैकी चार तारे. कापलेला एक, प्रत्येक अनुवादाचं साल आणि मूळ आवृत्ती पानाच्या माथ्यावर ठळक न दिल्याबद्दल. तोवर पान उतरवून घेताना ग्रंथाचं मुखपृष्ठही सोबत घ्यावं, आणि मजकुरात मध्येच येणारे छापील पृष्ठांक पुसू नयेत. हवाला देताना तेच लागतात.